होडी सुटण्याआधीचं उत्तर

ढोलकी वाजत राहिली आणि माझा नवरा तोंड उघडं ठेवून गप्प उभा राहिला.

पोरं पायांत चाळ बांधून त्याच्याभोवती गोल फिरत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. दुसऱ्या फेरीला शाहिराने उत्तर उचलायचं असतं. त्याने उचललं नाही. ढोलकीवाल्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा तोच ठेका धरला. झांजवाला उगाच जोरात वाजवू लागला. आवाज वाढवून शब्द येत असते तर काय हवं होतं. मांडवात सगळा गाव होता, खाडीपलीकडचा अर्धा गाव होता, आणि सगळे माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. मग ते एकेक करून माझ्या हातांकडे बघायला लागले. मी हात पदराखाली घेतले नाहीत. हात लपवून कामं होत नाहीत, त्यामुळे ती सवय मला कधी लागली नाही.

पलीकडच्या शाहिराने नुकतंच म्हटलेलं कवन असं होतं:

गिरणीचा भोंगा थांबला, शाहीर परतला घरी,
बायको फोडी काजू आणि हा लोळे पडवीवरी.
तिचे हात झाले काळे, याचे राहिले गोरे,
सांगा मंडळी, या घरात नवरा कोण बरे?

हसू असं फुटलं की मांडवावरची माडाची झापं हलली. मी दुसऱ्या कुणाची बायको असते तर मीही हसले असते. कवन चांगलं होतं. खोटं बोलून काय मिळणार?

हे शक्ती-तुऱ्याचं गाणं. आमच्या रत्नागिरीकडे गणपतीत ते असतंच. एक पार्टी शक्तीची, म्हणजे देवीची बाजू घेणारी. दुसरी तुऱ्याची, म्हणजे शंकराची. आम्ही तुऱ्याचे, पलीकडचे शक्तीचे. आधी गण, मग गवळण, मग पुराणातले प्रश्न, अमक्याचा बाप कोण आणि तमक्याने शाप का दिला. बाकी सगळे थांबलेले असायचे ते शेवटच्या टोमण्यांसाठी. टोमण्यांत शंकर नाही, पार्वती नाही. त्यात तू आणि मी. तुझं नाक, तुझी म्हैस, तुझं गळकं छप्पर. समोरच्याने तुझी अब्रू काढायची, पण यमक जुळवून आणि ढोलकी न चुकवता. मग तुझी पाळी.

आमच्या खाडीकाठी याला एक जुनी रीत होती. ज्याला उत्तर सुचलं नाही त्याने आपल्या पार्टीचा डफ समोरच्याला द्यायचा. डफ तेव्हाही फारसा कुणी वाजवत नसे, ढोलकीवरच काम चालायचं. पण डफ ही पार्टीची खूण. तो गेला की वर्षभर त्या पार्टीने कुठे गायचं नाही. वर्षभर न गाणाऱ्या पार्टीला पुढच्या वर्षी कोण बोलावतो? आमच्या वरच्या वाडीतली पार्टी अशीच मोडली. त्यांचा शाहीर नंतर भजनात टाळ वाजवायला जायचा, तेही मागच्या रांगेत.

माझा नवरा मुंबईत गिरणीत होता. साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहून कवनं करायचा. साच्याचा खडखडाट हीच त्याची ढोलकी. गणपतीला गावी यायचा तेव्हा डोक्यात वर्षाची कवनं भरून आणायचा. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी गिरण्या बंद पडल्या आणि तो पेटी घेऊन घरी आला, तो पडवीतच बसला. बोलणं बंद. कवन बंद. विचारलं तर म्हणायचा, "ठेका नाय मिळत." मी म्हटलं, मी जातं फिरवते, त्याच्यावर करा. त्याने तोंड फिरवलं. त्या गणपतीला तो जुन्याच कवनांवर उभा राहिला होता, आणि हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

डफ गेला तर याचं गाणंही गेलं, एवढं साधं ते होतं. गिरणी गेल्यावर त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. माझी सासू म्हणायची, "गिरणी गेली ती गेली. तोंड पण गेला तर त्याला नुसता खायला घालून काय करू?"

आणि हा टोमणा घडवायला सामान दिलं ते त्याच सासूने.

सामना गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी होता. सामने बहुतेक ठिकाणी रात्री चालतात, पण पलीकडची मंडळी होडीने यायची. सुकती लागली, म्हणजे पाणी ओसरायला लागलं, की होडी चिखलात बसते. म्हणून आमचा सामना दिवसाउजेडी, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. पाहुण्या पार्टीला जेवू घालायचं काम शाहिराच्या घरचं. मी कोंबडीचा रस्सा आणि वडे केले होते. पलीकडचा शाहीर गावात शिलाईचं मशीन चालवायचा. अंगाने भरलेला, बोलायला गोड आणि नजर सुईसारखी. पानावर बसला तरी त्याचे डोळे घरभर फिरत होते.

पाहुण्या शाहिराला वाढताना बोलायचं ते पावसाचं, भाताचं, होडीचं. घरातलं नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच्या कानात पडलेलं तासाभराने ढोलकीवर येतं. सासूला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण कितीतरी महिने तिचं ऐकायला कुणी नव्हतं. मुलगा गप्प, आणि मी काजूच्या शेडवर. समोर एक माणूस बसला, वडा मोडून "आये, काय चव हाय हो!" म्हणाला, आणि म्हातारी सुटली.

"खावा, खावा, शाहिरानू. तुमी तरी खावा. आमचा हा जेवताना पण गप. दिसभर पडवीत पडलेला असतो. ही बिचारी काजू फोडते म्हणून चूल पेटते."

मी चुलीपासून ओरडले, "आये, वडे करपतायत, इकडं या."

"करपू दे. पाहुण्याशी दोन शब्द बोलू नको काय मी?"

"वयनी काजूवर जातात काय?" शाहिराने विचारलं. मी त्याच्या पानात वडे टाकत होते. त्याने माझ्या बोटांकडे बघितलं.

"जाते," मी म्हटलं. "पाऊस यंदा बरा आहे."

"पाऊस बरा हाय," तो म्हणाला आणि हसला. मला तेव्हाच कळलं.

काजूच्या टरफलात काळं तेल असतं. बी फोडताना ते उडतं आणि कातडी जाळतं. आम्ही बायका बोटांना राख चोळायचो, तरी ती काळी पडायचीच. सणाला चिंच घासा, लिंबू घासा, नखं काळी ती काळी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. शेडमधल्या सगळ्यांचे हात तसेच. आम्ही ओळीने बसून हातोड्या मारायचो आणि मारता मारता एकमेकींना टोमणे द्यायचो. कुणाच्या नवऱ्याच्या मिशा, कुणाच्या सासूचं घोरणं. यमकं फार जुळायची नाहीत. पण हातोडी ठोक्याला पडायची, आणि ठोक्याला पडलेल्या शब्दाचा राग येत नाही. तोच शब्द कुणी वाटेत उभं राहून साधा बोलला असता तर झिंज्या उपटल्या असत्या.

माझी नात पुण्याला असते. मागे सुट्टीला आली तेव्हा तिने मोबाइलवर रॅप ऐकवला. म्हणाली, "आजी, तुला नाही कळणार." मी ऐकला. भाषा माझी नव्हती. मी म्हटलं, हा कुणाच्या तरी नावाने ओरडतोय, त्याचा ठेका चुकत नाहीये, आणि ज्याच्या नावाने ओरडतोय तो उत्तर देणार आहे. ती म्हणाली, अगं, खरंच त्याने उत्तर दिलंय, ते वेगळं गाणं आहे. मग यात न कळण्यासारखं काय होतं? तिने विचारलं, हे जगभर सगळ्यांना का आवडतं, भाषा न कळणाऱ्यांनासुद्धा. तिला वाटलं मी सांगेन की पूर्वीचं ते खरं आणि आताचं खोटं. मी असं बोलत नाही. माणसाला दुसऱ्याची इज्जत उतरलेली बघायला आवडतं, हे पहिलं. पण तेवढ्याने माणूस थांबत नाही. नुसत्या शिव्या ऐकून दहा मिनिटांत कंटाळा येतो. माणूस थांबतो ते उत्तरासाठी. ज्याची उतरली त्याला त्याच मांडवात, त्याच ठेक्यावर, तेवढाच वेळ मिळणार, ही खात्री असते म्हणून. घरात अशी खात्री कुणाला मिळते? गिरणीत मिळाली होती?

म्हणून आमच्या मांडवात सगळे यायचे. बौद्धवाडीतली माणसं देवळात येत नसत, आणि का यावं? पण सामन्याला येत. त्यांच्यातला एक एसटीत कंडक्टर होता. त्याला कुणी विचारलं, "तू गणपतीत कसा काय?" तर म्हणाला, "गणपती तुमचा. टोमणा सगळ्यांचा." खाडीच्या तरीवर, म्हणजे होडी लागते त्या जागी, होडी चालवणारा म्हातारा मुसलमान मोहल्ल्यातला. त्याला आम्ही चाचा म्हणायचो. होडी बांधून तोही पहिल्या रांगेत. कोळणी टोपल्या उपड्या घालून त्यांच्यावर बसायच्या. आमचे निवृत्त गुरुजी, ज्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं, ते दोन्ही गावांनी मानलेले पंच. ते पुराणासाठी येतात असं म्हणायचे आणि टोमण्याला सगळ्यांत आधी हसायचे.

त्या दिवशीही हसले. मग नवऱ्याकडे बघून छत्रीची मूठ चोळायला लागले.

तिसरी फेरी झाली. गुरुजींनी हात वर केला. ढोलकी थांबली. गुरुजी म्हणाले, "शाहीर, उत्तर?"

नवऱ्याने मान हलवली. आमच्या कोरसमधला एक जण त्याच्या कानात काहीतरी सुचवत होता. त्याने ऐकलं नाही. खुंटीवरचा डफ काढला, समोर गेला, पलीकडच्या शाहिराच्या हातात दिला आणि मागच्या बाजूने मांडवाबाहेर निघाला. पलीकडची पोरं ओरडली.

सासू माझ्या शेजारी होती. मी तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतेस?" ती म्हणाली. "मी काय खोटा बोलले?"

"खरं बोललात. म्हणून तर गेला डफ."

"मेला जेवताना किती गोड बोलत होता."

पाहुण्यांना घाई होती. सुकती लागली होती. त्यांनी बाजा, झांजा, कपड्यांची गाठोडी उचलली आणि तरीकडे निघाले. अर्धा गाव पोचवायला निघाला, सासूही त्यात, कारण तीही रीत. भांडण मांडवात संपलं की पाहुण्याला होडीपर्यंत सोडायचं. मी घरी जायला वळले. घरी भांडी पडली होती. अंगणाच्या कोपऱ्यात नवरा उकिडवा बसला होता, पाठ रस्त्याकडे. भांड्यांच्या ढिगात वड्यांची परात सगळ्यांत वर होती, रिकामी. एक कण उरला नव्हता. शाहिराने तिसऱ्यांदा वडे मागून घेतले होते, वर भात घेतला होता, रश्श्याने पान पुसलं होतं आणि असा ढेकर दिला होता की कोंबड्या परसात पळाल्या.

मला नवऱ्याचं वाईट वाटलं म्हणून मी तरीकडे निघाले, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. तसं नव्हतं. मला परातीचा राग आला.

मी नवऱ्याला म्हटलं, "उठा. पाहुण्याला पोचवायला जायचं असतं."

"तू जा."

"मी चाललेच. तुम्ही पण उठा. हरलेल्याने तरीवर जायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

तो आला. मागे मागे, पण आला.

तरीवर पोचलो तेव्हा पलीकडची मंडळी होडीत चढत होती. पाणी खाली गेलं होतं. काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडला होता आणि शाहीर त्यातून जड अंगाने निघाला होता, डफ डोक्यावर धरून. एक पाय त्याने होडीत टाकला. दुसरा गुडघ्यापर्यंत चिखलात होता, आणि निघत नव्हता.

मी काठावरून हाक मारली, "ओ शाहीर!"

"काय वयनी? वडे राहिले काय द्यायचे?"

त्याची माणसं हसली. मग मी बोलायला लागले. गायला म्हणणार नाही. मला गाता येत नाही, आमच्या घराण्यात कुणालाच येत नाही. शेडवर हातोडी मारताना बोलायचो तसं मी बोलले, आणि ठोका धरायला जवळ काही नव्हतं म्हणून हातावर हात मारला.

काळ्या हातचे वडे खाल्लेस, वर घेतलास भात,
ढेकर देऊन झाल्यावर दिसली काय माझी बोटं?

लोक हसले. पण ते टोमण्याला कमी आणि मला जास्त हसले. भाताला बोटं! एक कोळीण म्हणाली, "अगो बाय, ह्याच्यापेक्षा गप बरी होतीस."

पलीकडच्या शाहिराने डफ वर केला. "गुरुजी, हा चालायचा नाय. सामना शाहिराशी. बाईमाणूस मध्ये कसा काय?"

गुरुजी छत्री टेकत खाली आले. त्यांना धाप लागली होती. ते काही बोलण्याआधी मागून कंडक्टर म्हणाला, "कवनात हात कुणाचे घेतलेस? वयनीचे ना? मंग ज्याच्या नावाचं तिकीट, तोच गाडीत बसणार."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "जिच्यावर टोमणा, तिला उत्तराचा हक्क."

"पण सामना संपला! मी होडीत हाय!"

"पाहुण्याचा पाय गावाच्या जमिनीवर आहे तोवर उत्तर चालतं," गुरुजी म्हणाले. ही रीत खरी होती, पण ती कधी कुणी वापरली नव्हती. "तुझा एक पाय कुठे आहे?"

"चिखलात."

"चिखल कुणाचा?"

शाहिराने खाली बघितलं. चिखल आमच्या गावाचा होता. त्याने पाय उपसायला जोर लावला. पाय आणखी रुतला.

"चाचा, होडी लोट!" तो ओरडला.

चाचा दोराशी खाली वाकला. "थांब. दोर गुंतलाय."

दोर कधीच सुटून त्याच्या हातात आला होता. मी स्वतः बघत होते. तो नुसता या हातातून त्या हातात घेत होता.

एवढ्यात माझ्या मागून आवाज आला. हळू, चिडका. कितीतरी महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

"हात."

मी वळले. नवरा माझ्या खांद्यामागे उभा होता. चेहरा असा की जेवताना दाताखाली खडा आला असावा.

"काय?"

"बोटं काय बोटं? भाताला बोटं लागतात काय? 'दिसले काय रे हात' म्हण. भात, हात."

"मला काय कळतं? तुम्हीच म्हणा."

"आणि टाळी पण चुकली तुझी. दुसरी टाळी 'वर'वर पडायला पाहिजे."

"मग मारा ना तुम्ही!"

तो हरला, डफ गेला, अर्ध्या गावासमोर त्याची शोभा झाली, तेव्हा तोंड उघडलं नाही. पण त्याच्या समोर, त्याच्या नावावर, फुटकं यमक गेलं ते त्याला सोसवेना. सुताराला वाकडा खिळा बघवत नाही, तसंच ते. त्याने मला बाजूला केलं, माझ्याच टाळीवर टाळी मारली आणि माझंच कवन नीट करून म्हटलं:

काळ्या हातचे वडे खाल्लेस, वर घेतलास भात,
ढेकर देऊन झाल्यावर दिसले काय रे हात?

आता जो हशा झाला तो माझ्यावर नव्हता. ढोलकीवाला आमच्या मागून धावतच आला होता, त्याने गळ्यातली ढोलकी पुढे घेतली. ठेका मिळाल्यावर मग याला कोण थांबवणार?

भोंगा गिरणीचा थांबला, तोंड माझं नाही,
हातात तिच्या हातोडी आहे, जपून बोल काही.

कोळणी टोपल्या बडवायला लागल्या. होडीतली पलीकडची पोरं, शत्रूची पोरं, हसून हसून होडी हलवायला लागली. आणि चाचा दोर सोडून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होता.

पलीकडचा शाहीर कच्चा नव्हता. चिखलात पाय, डोक्यावर डफ, तरी ओरडला, "हा सगळा ठीक! पण माझा सवाल काय होता? या घरात नवरा कोण? त्याचा उत्तर कुठं हाय?"

गुरुजींनी मान डोलावली. सवाल तोच होता, आणि त्याला उत्तर आलं नव्हतं. सगळे थांबले. मी पण थांबले. मला खरंच ठाऊक नव्हतं तो काय म्हणेल. इतके महिने पडवीत पडून त्याने स्वतःला तेच विचारलं असणार. माझ्यावर ओरडेल, की आपली बढाई मारेल, की पुन्हा गप्प होईल. ढोलकी एक फेरी वाजली. दुसऱ्या फेरीला त्याने उचललं:

नवरा कोण ते विचारतोस, बघ उभा खाडीकाठी,
बायको तुझ्या समोर आली, नवरा तिच्या पाठी.

आणि खरोखरच चार पावलं मागे येऊन माझ्या पाठीमागे उभा राहिला, डोक्यावर माझ्या पदराचं टोक घेऊन.

त्यानंतर काय आवाज झाला ते मला लिहिता येणार नाही. सासू चिखलातच बसली. ज्या गोष्टीसाठी माणसाला लाज आणायची तीच त्याने स्वतः उचलून डोक्यावर घेतली, तर समोरच्याकडे मारायला काय उरणार? शाहीर हसायला लागला. अंगाने भरलेला माणूस, पोट धरून हसताना तोल गेला आणि चिखलात पडला. डफ तेवढा वर धरला होता, ओला होऊ दिला नाही. तो गुणाचा माणूस होता, टोमणा सोडला तर.

"घे रे बाबा," तो म्हणाला आणि डफ वल्ह्याच्या पात्यावर ठेवला. चाचाने वल्हं काठाकडे लांब केलं आणि नवऱ्याने डफ उचलून घेतला.

"वयनी," शाहीर होडीत ओढला जाताना ओरडला, "पुढच्या वर्षी वडे करशील ना?"

"करीन. पण जेवताना आये माझ्या माहेरी असतील."

"मी कुठं जायची नाय," सासू म्हणाली.

होडी मग सुटलीच नाही. पाणी गेलं होतं. चाचाने दोर गुंतवण्यात सुकती घालवली होती. पलीकडच्या सगळ्या मंडळींना भरती येईपर्यंत आमच्याकडेच राहावं लागलं आणि मला पुन्हा चूल पेटवावी लागली. विजय झाला तरी पीठ मलाच मळायचं होतं. नवरा वडे थापायला बसला. वाकडे थापले. मी त्याला तसं सांगितलंही.

गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. तो पुढे हातखंब्याच्या नाक्यावर एका हॉटेलात कामाला लागला आणि ट्रकवाल्यांना कवनं ऐकवायचा. पंजाबी, मद्रासी, कुणीही असो, थांबायचे म्हणे. गणपतीत गळा चालला तोवर गायला. मी पुन्हा कधी बोलले नाही. एकदा पुरे होतं, आणि यमक आजही जुळत नाही.

सासू आधी गेली, मग गुरुजी, मग चाचा, मग ती कोळीण. कंडक्टर रिटायर होऊन मुलाकडे गेला आणि तिकडेच वारला. नवरा छातीच्या दुखण्याने गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी तरीवर जे बोलले त्यांच्यातली दोघं अजून जिवंत आहोत, पलीकडचा शाहीर आणि मी.